जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन बांधताना ऑइल पंप कोणता घ्याल?



गहू-हरभरा घरात आला, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की मृग निघेपर्यंतचे दिवस अवजारांच्या दुरुस्तीचे. जालना जिल्ह्यात जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी घ्या (सोलापूर रस्त्यावरची टेंभुर्णी निराळी) किंवा आसपासचे कोणतेही गाव घ्या. याच दिवसांत मिस्त्रीच्या शेडसमोर ट्रॅक्टर मधोमध सोडवून ठेवलेले दिसतात. एकदा पाऊस पडला आणि वाफसा आला की मिस्त्रीलाही वेळ नसतो आणि आपल्यालाही.

असेच एक घर डोळ्यांसमोर आणा. दारात पंचवीस-तीस वर्षांचा ट्रॅक्टर आहे. गेल्या खरिपापासून त्याच्या ऑइल मीटरचा काटा सकाळी ठीक असतो, पण दोन तास नांगर ओढला की खाली बसतो. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, ऑइल पंप गेला. नवा टाकू." धाकटा भाऊ म्हणतो, "टाकायचाच तर मोठा टाका, पुन्हा कटकट नको." दुकानदार तीन पंप काढून फळीवर ठेवतो. तिन्ही दिसायला सारखे, भाव मात्र तीन तऱ्हेचे. घरच्या बाई विचारतात, "दिसतात तर सारखेच, मग भावात एवढा फरक कशाचा? आणि पंपच गेलाय हे ठरवले कुणी?"

दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. इंजिनाच्या पूर्ण कामात क्रँक घासणे, बेअरिंग, लायनर, पिस्टन, मजुरी या खर्चापुढे ऑइल पंपाची किंमत लहान असते. पण पंपाची निवड चुकली तर तो सगळा मोठा खर्च एका दिवसात वाया जातो, आणि तोही ऐन पेरणीत. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी हा लेख सावकाश वाचा.

पंप काय करतो आणि काय करत नाही

इंजिनाच्या तळाशी जे चेंबर असते, त्यातले तेल जाळीतून ओढून घेणे आणि फिल्टरमधून क्रँक, कॅम आणि रॉकरपर्यंत पोचवणे, एवढेच ऑइल पंपाचे काम. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो. चालू इंजिनात लोखंड त्या पापुद्र्यावर तरंगते. पापुद्रा तुटला की धातूवर धातू घासतो, बेअरिंग तापून वितळते आणि क्रँक धरतो.

आता मुख्य गोष्ट ऐका. पंप दाब निर्माण करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला बाहेर पडायला वाट अरुंद असते म्हणून दाब तयार होतो.

तुमच्या तुषार संचावरून हे चटकन कळेल. मोटार तीच, पाइप तोच. पण नोझलची भोके झिजून मोठी झाली की फवारा पडतो. अशा वेळी तुम्ही मोटार बदलता का? नाही, आधी नोझल बघता. इंजिनात नोझलच्या जागी बेअरिंगची फट असते. बेअरिंग झिजले, फट वाढली, की तेल सैल वाहून जाते आणि मीटरचा काटा पडतो. पंप बिचारा पूर्वीइतकेच तेल देत असतो.

यात एक हिशेब सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. फटीतून वाहून जाणारे तेल फटीच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. आठपट गळती भरून काढील असा पंप कोणत्याही दुकानात मिळत नाही.

आधी गुन्हेगार शोधा

काटा पडला म्हणजे पंप गेला, असे धरून चालू नये. पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात. यातल्या पहिल्या तीन तर इंजिन न उघडता होतात.

पहिली गोष्ट खुद्द मीटर. जुन्या ट्रॅक्टरवरचे मीटर वर्षानुवर्षे धक्के खाऊन खोटे बोलू लागते. मिस्त्रीकडे चांगले दाबमापक असेल तर ते त्याच जागी जोडून इंजिन गरम असताना आकडा पाहावा. थंड इंजिनावरचा आकडा धरू नये, कारण थंड तेल घट्ट असते आणि दाब नेहमी जास्तच दाखवते.

दुसरी गोष्ट तेल. पट्टी काढून बोटावर घ्या आणि वास घ्या. तेलाची पातळी न घालताच वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला, तर फीड पंपाच्या पडद्यातून किंवा दुसऱ्या एखाद्या ठिकाणाहून डिझेल चेंबरमध्ये उतरत आहे. पातळ झालेल्या तेलाला दाब धरवत नाही. येथे ऑइल पंप बदलून काहीही साधणार नाही.

तिसरी गोष्ट काट्याचे वागणे. काटा थरथरत असेल, बांध चढताना किंवा उतारावर एकदम पडत असेल, तर तेल कमी आहे किंवा पंपाच्या ओढीच्या नळीत हवा शिरते आहे. गरम झाल्यावर मंद गतीला काटा पडतो आणि गती वाढवली की बराच वर येतो, तर बेअरिंग किंवा पंप यांची झीज समजावी. आणि काल ठीक असलेला काटा आज एकाएकी खाली आला, तर चेंबर उतरवून जाळी बघावी. पॅकिंगला लावलेल्या पेस्टचे तुकडे जाळीत अडकून बसणे ही फार नेहमीची गोष्ट आहे.

चौथी गोष्ट रिलीफ व्हॉल्व्ह. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की हा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल परत चेंबरमध्ये सोडतो. त्याच्या बैठकीत कचऱ्याचा एक कण अडकला तरी तो पुरता मिटत नाही आणि दाब गळतो. तो काढून, धुऊन, बैठक पाहून परत बसवावा. मात्र काही जण त्याच्या स्प्रिंगखाली वायसर घालून काटा वर आणतात, ते करू देऊ नये. मंद गतीला दाब कमी असतो तेव्हा चांगला व्हॉल्व्ह आधीच मिटलेला असतो, त्यामुळे वायसरचा तेथे उपयोग शून्य. उलट सकाळी तेल थंड असताना दाब मर्यादेबाहेर जातो आणि फिल्टरचे रबर फुटते किंवा पंपाच्या गिअरवर ताण येतो. काटा वर आला, रोग तसाच राहिला, असा हा प्रकार आहे.

पाचवी गोष्ट बेअरिंगची फट. इंजिन उघडलेच आहे तर क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने मोजून घ्यावे. इंचाचा हजारावा भाग म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत एक थाऊ. जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक थाऊ फट, हा जुना ढोबळ नियम आहे. अडीच इंची जर्नलला अडीच थाऊच्या आसपास. पक्का आकडा मात्र त्या इंजिनाच्या पुस्तिकेतलाच धरावा. फट मर्यादेबाहेर असेल तर क्रँक घासून अंडरसाइझ बेअरिंग घालणे हाच उपाय. कॅमचे बुश आणि रॉकरचा दांडा याच वेळी बघून घ्यावेत, कारण तेल तेथूनही गळते.

जुना पंप भंगारात देण्यापूर्वी

जालना शहरात भंगार वितळवून लोखंड करणाऱ्या भट्ट्या आहेत. आपला जुना पंप फिरत फिरत तिकडे जायला वेळ लागत नाही. पण देण्यापूर्वी तो एकदा उघडून मोजा. पुष्कळदा तो नव्या स्वस्त पंपापेक्षा चांगला निघतो, कारण तो आयुष्यभर तेलात बुडालेला असतो.

पंप मुख्यतः दोन जातींचे. पहिला दातेरी पंप. त्यात एका डबीत दोन गिअर एकमेकांत अडकून फिरतात. तेल मधून जाते असे अनेकांना वाटते, पण ते दातांच्या खाचांत भरून डबीच्या भिंतीकडेने, बाहेरून फिरून पुढे जाते. दुसरा रोटर पंप. त्यात पाकळ्यांची एक चकती दुसऱ्या पोकळ चकतीच्या आत फिरते. आतल्या चकतीला पाकळ्या चार असतील तर बाहेरच्या चकतीत खाचा पाच असतात. एक खाच जास्त असल्यामुळे फिरताना मधली पोकळी लहानमोठी होत राहते आणि तेल ओढले-ढकलले जाते. दोन्ही जाती चांगल्या आहेत. तुमच्या इंजिनाला मूळ जी दिली होती तीच ठेवावी.

मोजणी फिलर गेजने होते. डबीच्या तोंडावर लोखंडी सरळ पट्टी आडवी धरून पट्टी आणि गिअर यांच्यामधली फट पाहावी. ही फट सर्वांत महत्त्वाची. अनेक पंपांत ती दोन ते चार थाऊ असते. याहून बरीच जास्त असेल तर तेल पंपाच्या आतच मागे फिरते. नंतर गिअर आणि भिंत यांतली फट, रोटर असेल तर पाकळीच्या टोकाची फट पाहावी. मर्यादा पुस्तिकेत दिलेल्या असतात. मग दांडा हाताने हलवून बघावा. बाजूला खडखडत असेल तर बुश गेले. शेवटी झाकण उलटे करून बघावे. गिअरने त्यावर गोल चर पाडलेला असतो. चर नखाला लागला की झाकण बदलावे किंवा लेथवर सपाट करून घ्यावे.

झाकण थोडेच खराब असेल तर जाड काचेच्या तुकड्यावर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून, गोल गोल घासून तेही सपाट करता येते. मग रॉकेलने इतके धुवावे की पेस्टचा एक कण राहू नये. झाकणाखाली मूळचे पॅकिंग कागदाचे असेल तर तेवढ्याच जाडीचे घालावे. जाड पॅकिंग कापून घातले तर मेहनतीने कमी केलेली फट परत वाढते. आणि मूळ पॅकिंगच नसेल तर नव्याने घालू नये.

डबीचे कवचच आतून घासलेले असेल, तिला तडा असेल, किंवा मागे बेअरिंग उडून त्याचा चुरा पंपातून गेला असेल आणि गिअरवर ओरखडे दिसत असतील, तर दुरुस्तीचा नाद सोडावा. तेथे नवा पंपच घ्यावा.

मोठा पंप घ्यावा काय?

धाकट्या भावाचा हा प्रश्न जगभर विचारला जातो. हौशी लोक जुन्या स्पोर्ट्स मोटारी बांधतात, त्यांच्यातही यावर वाद चालतो. आपल्याकडच्या ॲम्ब्रॅसडर मोटारीचे उदाहरण पाहा. तिच्यात कित्येक वर्षे १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन होते. इंग्लंडमध्ये १९५५ साली निघालेल्या एम.जी.ए. या दोन आसनांच्या स्पोर्ट्स मोटारीतही त्याच घराण्यातले १४८९ सी.सी. इंजिन होते. एक लग्नाची वऱ्हाडे वाहत असे, दुसरी शर्यतीत धावत असे. शर्यतीसाठी इंजिन बांधणारे कधीकधी लांब गिअरचा, जास्त तेल देणारा पंप घालतात, कारण त्यांचे इंजिन फार जोरात फिरते आणि ते बेअरिंगची फटही मुद्दाम थोडी सैल ठेवतात. पण ज्याला तीच मोटार रस्त्यावर साधी चालवायची असते, त्याला त्यांच्यातले जाणते लोक काय सांगतात? मूळ मापाचा चांगला पंप घाला आणि बेअरिंग नीट करा.

आपला ट्रॅक्टर तर मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालणारे संथ जनावर आहे. त्याला मोठा पंप दिला तर जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परत चेंबरमध्येच पडणार. ते फुकट फिरवायला इंजिनाची ताकद आणि तुमचे डिझेल जाते, तेल अधिक तापते आणि पंप फिरवणाऱ्या गिअरवर ताण येतो. तो गिअर तुटला तर तेल बंद, म्हणजे सगळेच बंद. म्हणून मोठा नको, मापाचा हवा.

दुकानात काय बघाल

जुना पंप पिशवीत घालून बरोबर न्यावा. नुसते ट्रॅक्टरचे नाव सांगून पंप मागू नये. नावे फसवतात. महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी १९६३ साली झाली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर गावोगाव पोचला. त्याचे इंजिन चार सिलिंडरचे. पुढे २७५ डी.आय. आला, त्याचे तीन सिलिंडरचे. "२७५ चा पंप द्या" म्हटले तर दुकानदाराने कोणता द्यावा? म्हणून इंजिनाच्या पाटीवरचा क्रमांक आणि शक्य तर पंपाचा भाग क्रमांक कागदावर लिहून न्यावा.

नवा आणि जुना पंप शेजारी ठेवून या गोष्टी जुळवून बघाव्यात :

१) फिरवणाऱ्या गिअरचे दात मोजावे. दात तिरपे असतील तर ते डावीकडे कललेले आहेत की उजवीकडे, हेही बघावे.

२) बोल्टची भोके आणि तेलाची भोके जुळतात का, पाहावे.

३) ओढीच्या नळीची लांबी जुळावी. जाळी चेंबरच्या तळाला टेकली तर तेल ओढले जात नाही. फार वर राहिली तर उतारावर हवा ओढते.

४) दांडा बोटांनी फिरवावा. तो एकसारखा फिरावा, मध्येच अडकू नये आणि बाजूला हलू नये.

५) झाकण उघडू दिले तर आत बघावे. स्वस्त मालात गिअर डबीपेक्षा आखूड असतात आणि फट नव्यातच मर्यादेबाहेर असते. ओतकामाची वाळू कोपऱ्यात राहिलेली असते. घरच्या बाईंनी विचारलेला भावातला फरक तो हाच. बाहेरून न दिसणाऱ्या दोन-तीन थाऊंचा.

ट्रॅक्टर कंपनीच्या खोक्यातला किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याचा पंप पहिल्या पसंतीचा. तो मिळत नसेल तर मोजून घेतलेला, दुरुस्त केलेला आपलाच जुना पंप दुसऱ्या पसंतीचा. न मोजलेला अनोळखी नवा पंप शेवटचा, आणि दुसऱ्याच्या मोडलेल्या इंजिनातून काढलेला पंप न उघडता घेऊच नये. पक्के बिल घ्यावे आणि "माप जुळले नाही तर परत" हे त्यावर लिहून घ्यावे.

येथे एक खुलासा. विहिरीवरच्या काही जुन्या, संथ गतीच्या इंजिनांत बिगएंडला दाबाने तेल जात नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाला एक पळी असते, ती तेल उडवते आणि त्या शिंतोड्यांवर वंगण होते. अशा इंजिनाला हा लेख तसाच्या तसा लावू नये. तेथे तेलाची पातळी आणि पळी शाबूत असणे यालाच महत्त्व.

बसवताना घ्यायची काळजी

क्रँक घासून आणल्यावर त्याच्या तेलाच्या भोकांत घासकामाचा बारीक चुरा राहतो. तारेला कापड गुंडाळून आणि रॉकेलची पिचकारी मारून ती भोके साफ करावीत. ब्लॉकमधील तेलाच्या वाटांची बुचे काढून त्याही धुवाव्यात. हे काम मिस्त्रीच्या पोरावर सोडू नये, समोर उभे राहून करून घ्यावे. नवा पंप पहिल्याच मिनिटात हा चुरा ओढतो आणि नव्या बेअरिंगवर नेऊन ओततो.

पंप कोरडा बसवू नये. कोरड्या पंपाला तेल धरता येत नाही, जसे फूटव्हॉल्व्ह गळत असला की विहिरीवरचा पंप पाणी धरत नाही. बसवण्यापूर्वी पंपात इंजिनाचे तेल भरावे आणि दांडा फिरवून ते आत खेळवावे. ओढीच्या नळीचे पॅकिंग नवे घालावे आणि पेस्ट लावायचीच असेल तर अगदी बोटावर घेऊन पुसल्याइतकी. फिल्टर नवा घालून शक्य असेल तेथे तेलाने भरून बसवावा. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच आणि सीलबंद डब्यातले.

पहिल्यांदा इंजिन एकदम चालू करू नये. डिझेल बंद करणारा दांडा ओढून ठेवावा आणि थांबून थांबून सेल्फ मारावा. मीटरचा काटा हलला, तेल वर पोचले, की मगच दांडा सोडावा. काटा हललाच नाही तर इंजिन चालू करू नये. "चालू झाल्यावर येईल" या शब्दांवर विश्वास ठेवून किती क्रँक गेले असतील! इंजिन चालले की गरम होऊ द्यावे आणि गरम इंजिनाचा दाब मंद गतीला किती, पूर्ण गतीला किती, हे दोन आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी याच दोन आकड्यांवरून इंजिनाची तब्येत कळेल. पहिले तेल पुस्तिकेप्रमाणे लवकर बदलावे आणि काढलेले तेल पांढऱ्या फडक्यातून गाळून चकाकणारा चुरा दिसतो का ते बघावे.

घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवे

ट्रॅक्टर घरातले एकच माणूस चालवते असे राहिलेले नाही. मुलगा चालवतो, पुतण्या चालवतो, सालगडी चालवतो, काही घरांत मुलीही चालवतात. जो कोणी सीटवर बसेल त्याला एक गोष्ट पक्की सांगून ठेवा. काटा पडला किंवा तेलाचा लाल दिवा लागला, की तास पुरा करायचा नाही, बांधापर्यंतही जायचे नाही. जागेवर इंजिन बंद करायचे. अर्धा तास पेरणी उशिरा झाली तर चालते. क्रँक धरला तर हंगाम हातचा जातो.

आता त्या घरी परत जाऊ. मिस्त्रीला आधी दाब मोजायला सांगा, मग बेअरिंग, मग पंप. पंप खराब निघाला तर मूळ मापाचा घ्या, आणि चांगला निघाला तर धुऊन, मोजून तोच बसवा. आणि "पंपच गेलाय हे ठरवले कुणी?" असे विचारणाऱ्या बाईंना दुकानात बरोबर न्या. असा प्रश्न विचारणारे माणूस इंजिन बांधताना शेजारी असले म्हणजे बरेच पैसे वाचतात.